वीस टक्के आणि एक सुरमई

रत्नागिरी,
३ सप्टेंबर २०२४

प्रिय उमेर,

खुर्शीद खालाची दुआ.

काल तुझ्या आईचा फोन आला. झरीनने नेहमीप्रमाणे आधी गुडघ्यांची बातमी दिली, मग पावसाची, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "उमेरने धंदा टाकलाय हां, एसी-फ्रीज दुरुस्तीचा. तुला सांगायचं राहिलं." राहिलं! चौदा वर्षं दोहात काढलेला मुलगा मे महिन्यापासून हर्ण्यात बसलाय, स्वतःचा धंदा काढतो, आणि सख्ख्या मावशीला ते सांगायचं राहतं. माझा फ्रीज दोन वर्षं रात्रभर घोरतोय, हे मात्र मी तुम्हा मायलेकांना दर ईदेला न चुकता सांगत आले आहे.

मग रात्री तू व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी बोलून पाठवलेले प्रश्न ऐकले. टॅक्स लागेल का, जीएसटी काय असतं, बिल कसं करायचं. शेवटच्या तुकड्यात फक्त कुत्रा भुंकतो. त्याचा प्रश्न मला सगळ्यात स्पष्ट कळला.

उत्तरं देईन, पण एका अटीवर. पत्राने विचारायचं, पत्रानेच उत्तर मिळेल. मी टेलिफोन खात्यात जन्म काढला. अर्ध्या जिल्ह्याचे ट्रंक कॉल जोडून दिले. फोनवर माणूस काय वाटेल ते बोलतो आणि ठेवल्यावर विसरतो, हे माझ्याइतकं कुणी ऐकलेलं नाही. जी गोष्ट टिकायला हवी ती कागदावर हवी. कॉन्व्हेंटात सिस्टर आग्नेसनी हे पट्टी मारून शिकवलं, आणि खात्याने पट्टी न मारता.

तर ऐक. सगळ्यात आधी तुझं पॅन आधारला जोडलेलं आहे का ते बघ. तू परदेशात होतास, तेव्हा इथे सगळ्यांना ते जोडायला लावलं. ज्यांनी जोडलं नाही त्यांचं पॅन बंद पडलं. कार्ड खिशात असतं, पण आतून ते मेलेलं असतं. हजार रुपये दंड भरून जोडता येतं. ते झाल्याशिवाय बाकी काही करू नकोस. मग धंद्याचं वेगळं बँक खातं उघड. घरखर्च आणि गॅसचे सिलिंडर एका पिशवीत ठेवू नयेत. एक बिलबुक छापून घे, नंबर घातलेलं. सुटे भाग घेशील त्याच्या पावत्या जपून ठेव, झरीनच्या मसाल्याच्या डब्यात नव्हे. वर्षाचा धंदा वीस लाखांच्या आत असेल तर तुझ्यासारख्या सेवा देणाऱ्याला जीएसटीच्या दारातही जायची गरज नाही. आणि छोट्या उद्योगाची ती 'उद्यम' नोंदणी फुकट असते. फुकट म्हणजे फुकट. कुणी पैसे मागितले तर समोरचा चोर आहे असं समजून बोल.

दोहाच्या कंपनीने तुझी जागा मार्चअखेरपर्यंत राखून ठेवली आहे, हेही झरीन बोलून गेली. म्हणजे तोवर इथे जम बसला नाही तर तू परत विमानात. हे सांगताना ती गुडघ्यांबद्दल एक शब्द बोलली नाही, त्यावरून काय ते समज. मला स्वतःला काही फरक पडत नाही. फक्त फ्रीज बघायला कुणी उरणार नाही.

तुझी,
खुर्शीद खाला


हर्णे,
१४ सप्टेंबर २०२४

खालाजान, सलाम.

शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच एवढं लिहितोय. अम्मी शेजारी बसून विचारते, कुणाला अर्ज करतोस?

तुमचं पत्र यायच्या आधीच मी कामाला लागलो होतो. दापोलीत गौरव म्हणून एक सल्लागार आहे. त्याच्या बोर्डावर पॅन, आधार, पासपोर्ट, विमा, लग्नपत्रिका, लॅमिनेशन सगळं लिहिलंय. माणूस हुशार. त्याने मला 'फुल पॅकेज' दिलं, साडेसात हजारांत. जीएसटी, उद्यम, दुकानाचा परवाना, आयात-निर्यातीचा कोड, आणि मी मासे ठेवायच्या फ्रीझरला हात लावतो म्हणून अन्न परवानासुद्धा. धंद्यासाठी ईमेलही काढून दिला. म्हणाला, "भाई, एकदाच करून टाका, मग डोक्याला ताप नाही." दुकानाबाहेर जीएसटीचा नंबर लिहून घेतला. भारी दिसतो.

पॅन-आधारचं म्हणाल तर झालं.

बिलाचं मात्र अवघड आहे. हर्ण्यात बिल कोण देतं, खाला? परवा अलीचाचांच्या घरचा डीप फ्रीझर बंद पडला. तेच अलीचाचा, आपल्या गल्लीतले, बोटीवर तांडेल आहेत. अर्धा दिवस लागला. कॉम्प्रेसरचा रिले बदलला. पैसे मागायची मला लाज वाटली, आणि त्यांनीही विचारलं नाही. लहानपणी खांद्यावर घेऊन लिलाव दाखवायचे मला. संध्याकाळी बोट आली तशी दारात सुरमई. हातभर मोठी. अम्मीने तुमची आठवण काढत तळली.

आता याचं बिल कसं फाडू?

तुमचा,
उमेर


रत्नागिरी,
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय उमेर,

माझी आठवण काढत तळलीत. पोचली.

आयात-निर्यातीचा कोड! तू काय निर्यात करणार आहेस? हर्ण्याहून खाडी ओलांडून आंजर्ल्याला पाना? आणि अन्न परवाना? उद्या डॉक्टर पोट तपासतो म्हणून त्यालाही खानावळीचा परवाना काढायला लावेल तुझा गौरव. फुकट मिळणाऱ्या उद्यमसकट साडेसात हजार! लग्नपत्रिका तरी छापून घ्यायची होतीस त्यात, बायको पुढेमागे मिळाली असती.

जीएसटीचा नंबर भारी दिसतो म्हणतोस. त्या नंबरामागे काय येतं ते सांगते. ठरल्या तारखेला सरकारला कळवायचं की मी इतकं कमावलं. काही कमावलं नसेल तरी कळवायचं की काही कमावलं नाही. आणि काही कमावलं नाही हे उशिरा कळवलंस तर दर दिवसाचा दंड. रिकामा खिसा दाखवायलासुद्धा वक्तशीर असावं लागतं. गरज नसताना हे गळ्यात बांधून घेणाऱ्याला मी काय म्हणावं ते झरीनचा मान राखून लिहीत नाही. ताबडतोब तो नंबर रद्द करायचा अर्ज दे, आणि रद्द होईपर्यंत शून्याचं रिटर्नही वेळेवर भर.

आता सुरमई. तुझी लाज मला समजते. खांद्यावर बसवणाऱ्या माणसाच्या हातात बिल ठेवायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटते. पण तू काम केलंस, त्याचा मोबदला मिळाला, म्हणजे ते उत्पन्न झालं. मोबदल्याला खवले होते म्हणून ते बदलत नाही. भाव काय धरू म्हणून विचारशील, तर तुझ्या बंदरात रोज संध्याकाळी लिलाव होतो. या देशात तू एकटाच मेकॅनिक असशील, ज्याला आपल्या कमाईचा भाव किनाऱ्यावर ओरडून सांगितला जातो. त्या दिवशीच्या भावाने तिची किंमत लिहून ठेव आणि अलीभाईंना बिल दे. वर लिही, 'मासळी मिळाली'. ते हसतील, हसू देत.

छोट्या धंद्याला सरकारने एक सोय दिलेली आहे. सगळे हिशेब उलगडत बसायचे नसतील, तर बँकेतून आलेल्या रकमेचे सहा टक्के आणि बाकीच्याचे आठ टक्के नफा झाला असं धरून रिटर्न भरता येतं. सुरमई बँकेतून येत नाही, तेव्हा ती आठ टक्क्यांत. म्हणून म्हणते, लोकांना बँकेतून पैसे द्यायला शिकव.

आणि पॅन-आधारचं तू 'झालं' एवढ्यावर उरकलंस. पावती कुठे आहे? झालेल्या गोष्टीची पावती असते. न झालेल्या गोष्टीला फक्त क्रियापद असतं.

तुझी,
खुर्शीद खाला


हर्णे,
१८ डिसेंबर २०२४

खालाजान, सलाम.

रागावू नका, तीन महिने लिहिलं नाही. सीझन सुरू झाला, पर्यटक आले, आणि एसी बंद पडायला लागले. सोबत सोड्यांची पिशवी पाठवतोय, बागवे कंडक्टरच्या हाती. सोडे मी विकत घेतलेत, कुणी मोबदल्यात दिलेले नाहीत. पावती आतच आहे.

मोठी बातमी. किनाऱ्यावरच्या मोठ्या रिसॉर्टचं काम मिळालं. सगळ्या खोल्यांचे एसी, वर किचनची कोल्ड रूम. मी छापील बिल दिलं, नंबर घालून, तुम्ही सांगितलंत तसं. पंच्याऐंशी हजारांचं. मॅनेजरसाहेब खूश. म्हणाले, काम असंच राहिलं तर जानेवारीत वर्षाच्या देखभालीचं कंत्राट तुलाच. खाला, ते मिळालं तर मी दोहाला येत नाही म्हणून कळवणार. अम्मीला अजून सांगितलेलं नाही.

पण काल पैसे आले ते अडुसष्ट हजार. सतरा कमी! ऑफिसात विचारायला गेलो. अकाउंटंट मृणालीबाई आहेत, चष्म्यावरून बघतात. म्हणाल्या, "टीडीएस वीस टक्के कापलाय." बाहेर आठ माणसं उभी होती, जास्त बोलल्या नाहीत. मी नेटवर शोधलं, तर आमच्यासारख्यांना एक टक्का लिहिलंय. मग एकोणीस टक्के कुठे गेले? चौदा वर्षांत दोहात कुणी माझा एक रियाल कापला नाही. पगार ठरला तेवढा हातात. इथे पहिल्याच मोठ्या बिलाला कात्री.

अम्मी म्हणते, त्या बाईनेच खाल्ले. मला तसं वाटत नाही, पण कळतही नाही. खाला, तुम्ही काही करू नका. फक्त मला समजावून सांगा.

तुमचा,
उमेर


रत्नागिरी,
२४ डिसेंबर २०२४

प्रिय उमेर,

सोडे उत्तम. पावतीवर तारीख नाही.

तू 'काही करू नका' असं लिहिलं आहेस. ते मी वाचलं, आणि मग जे करायला हवं ते केलं.

नियम अगदी सरळ आहे. एकट्या कंत्राटदाराच्या बिलातून एक टक्का कापायचा, सरकारात भरायचा, आणि तो त्याच्या नावावर जमा होतो. एक टक्का! वीस टक्के कापणारी बाई एक तर हिशेबात नापास झालेली आहे किंवा फारच चांगली पास झालेली आहे. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. भोळा मुलगा, आखातातून आलेला, टॅक्स म्हणजे काय हे न बघितलेला. असं गिऱ्हाईक रोज येत नाही.

म्हणून मी मॅनेजरला इंग्रजीत पत्र लिहिलं आहे. तीन पानी. काल रजिस्टर पोस्टाने गेलं. त्यात हा दिवसाढवळ्या घातलेला दरोडा असल्याचं म्हटलं आहे. मृणालीबाईंचा उल्लेख 'आपल्या तिजोरीत शिरलेली घूस' असा केला आहे. आपल्याकडे एक तर अडाणी अकाउंटंट आहे किंवा चोर. यांपैकी काय ते आठ दिवसांत लेखी कळवा, असं विचारलं आहे. प्रती आयकर कार्यालयाला आणि पर्यटन खात्याला. सिस्टर आग्नेस हयात असत्या तर त्यांनाही पाठवली असती. असं एकसंध पत्र मी बऱ्याच वर्षांत लिहिलेलं नव्हतं. एकही खाडाखोड नाही.

घाबरू नकोस. तुझ्या पाठीशी मी आहे.

तुझी,
खुर्शीद खाला

ता. क. पॅन-आधारच्या पावतीची मी अजून वाट पाहते आहे.


हर्णे,
९ जानेवारी २०२५

खालाजान, सलाम.

तुम्ही माझ्या पाठीशी आहात हे आता सगळ्या रिसॉर्टला माहीत आहे.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहितो. चूक मृणालीबाईंची नाही. माझी आहे. पॅन-आधार झालेलंच नव्हतं.

मी लिहिलं 'झालं', कारण गौरव म्हणाला होता, 'भाई, झालंच समजा.' ते कसं झालं नाही ते ऐका. मागे एका सुट्टीत आलो असताना आधार काढलं. माझं इकडचं सिम बंद होतं, आणि सेंटरवर मोबाइल नंबर मागितला. मग आम्ही सगळे तेव्हा करायचो तेच मी केलं, अलीचाचांचा दिला. गल्लीतल्या निम्म्या गल्फवाल्यांच्या आधारवर अलीचाचांचाच नंबर आहे. त्या वेळी तेवढा एकच फोन कायम चार्ज असायचा. कॉम्प्युटरने जिथे जिथे नंबर मागितला तिथे तिथे गौरवने आधारवरचा तोच टाकला. आणि ओटीपी गेला अलीचाचांना. अलीचाचा होते खोल समुद्रात, पापलेटांच्या मागे. ओटीपी दहा मिनिटं जगतो, खाला. बोट चार दिवसांनी येते.

आणि ते विसरत नाहीत हो! बोट धक्क्याला लागायच्या आधीच ओरडले, "उमेर, तुजा नंबर आयलाय रे! नऊ, चार, सात..." लिलाव थांबला. बंदरावरच्या सगळ्या बायकांना माझा ओटीपी पाठ झाला. गौरवने परत पाठवला, तोवर ते परत समुद्रात. असं दोन महिने चाललं. शेवटी गौरव कंटाळला, मी कंटाळलो, आणि अलीचाचा अजून ओरडतात.

आणखी एक. जीएसटी रद्द करायची गरज नाही. मिळालाच नव्हता. माझ्या दुकानाबाहेर लिहिलेला नंबर अर्धवट राहिलेल्या अर्जाचा आहे. उद्यमही अडकलंय, बाकीचंही. माझं अख्खं पॅकेज समुद्रात आहे.

काल मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. तुमचं पत्र टेबलावर होतं. मृणालीबाईंनी माझ्यासमोर माझं पॅन टाकून दाखवलं. 'बंद' असं आलं. पॅन बंद असेल तर वीस टक्केच कापावे लागतात, नाहीतर उरलेले त्यांच्या कंपनीकडून वसूल होतात. सतरा हजार माझ्याच नावावर सरकारात जमा आहेत. पॅन चालू करून रिटर्न भरलं की जास्तीचे परत मिळतील. हे त्यांनी मला आधी ईमेलने कळवलं होतं, बिलावरच्या पत्त्यावर. तो ईमेल गौरवने काढलेला. पासवर्ड गौरवकडे.

मग त्यांनीच शांतपणे सांगितलं, की त्या फॉर्मवर हातातला कुठलाही चालू नंबर घातला तरी ओटीपी त्यावर येतो. अलीचाचांना उगाच त्रास. मी हजार रुपये भरून आलो, पाच मिनिटांत. चालू व्हायला महिना लागेल म्हणतात.

पण साहेब म्हणाले, "उमेर, काम तुझं बेस्ट आहे. पण माझ्या स्टाफला कुणी असं लिहितं, तर वर्षभर मी कुणाशी व्यवहार करायचा? आधी हे मिटव." कंत्राट थांबवलंय. दोहाची कंपनी आता फेब्रुवारीअखेरपर्यंत उत्तर मागते. मी तिकिटाचे दर बघून ठेवलेत.

तुम्हाला दोष देत नाही. मी 'झालं' लिहिलं नसतं तर तुम्ही ते पत्र लिहिलं नसतं.

तुमचा,
उमेर


रत्नागिरी,
२० जानेवारी २०२५

प्रिय उमेर,

तिकिटाचे दर बघणं बंद कर. ते दर बघून कमी होत नाहीत.

तुझ्या खोट्याबद्दल मी एवढंच म्हणेन, की दोन अक्षरांत एवढं मोठं खोटं बसवणारा दुसरा माणूस मी फक्त ट्रंक लाइनवर ऐकला होता. तो बायकोला सांगत होता की मी निघालोच. बाकी तू समोर येशील तेव्हा.

मी मृणालीबाईंना फोन केला. हो, फोन. तू भुवया उंचावशील. त्याचं कारण असं, की जी गोष्ट टिकायला हवी ती कागदावर लिहावी हे माझं तत्त्व मी सोडलेलं नाही. ही गोष्ट टिकावी अशी माझी इच्छा नव्हती.

"नमस्कार," मी म्हटलं. "मी खुर्शीद, रत्नागिरीहून. उमेरची मावशी."

"घूसवाल्या का?"

"हो," मी म्हटलं. नाही म्हणायला जागा नव्हती.

"बोला."

"माझा गैरसमज झाला. मी तुमची माफी मागते."

पलीकडे कीबोर्ड वाजत होता. हातातली नोंद पुरी करून बाईंनी तो थांबवला. मग म्हणाल्या, "बरं. हे लेखी पाठवा."

"आता मागितली की मी!"

"मॅडम, तुमच्या पत्राला आमच्याकडे आवक नंबर पडलाय. साहेबांच्या फाइलीत आहे. प्रती कुठे कुठे गेल्यात तेही तुम्हीच लिहिलंय. त्याच्यावर ठेवायला मला कागद लागेल. फोनवर काय, माणूस काय वाटेल ते बोलतो आणि ठेवल्यावर विसरतो."

उमेर, एवढ्या वर्षांत मी असंख्य माणसांना असंख्य माणसं जोडून दिली. माझंच वाक्य मला कुणी जोडून दिलं नव्हतं.

मी विचारलं, "तुम्ही शाळेला कुठे होता?"

"दापोलीत, मराठी शाळेत. का?"

"काही नाही," मी म्हटलं. "पट्टी सगळीकडे सारखीच दिसते."

तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. पण लेखी पाठवा हे त्यांनी परत सांगितलंच, आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "मराठीत लिहा. इंग्रजी तुमचं फार छान आहे, पण साहेबांना ते दोनदा वाचावं लागलं, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर ते जास्त चिडले."

दोन दिवस मी टेबलाशी बसले. अपमान करायला मला तीन पानं लागली होती आणि एक दुपार. हे अर्धं पान लिहायला अख्खा शनिवार-रविवार गेला. आज रजिस्टर केलं. तुझ्या माहितीसाठी नक्कल खाली देते.

'माननीय मॅनेजर यांस. माझ्या २३ डिसेंबरच्या पत्रातील सर्व आरोप मी मागे घेते. आपल्या अकाउंटंट मृणालीबाई यांनी वीस टक्के कर कापला तो नियमाने, आणि भरला तो वेळेवर. माझ्या भाच्याचे पॅन बंद होते. त्याची चौकशी मी आधी करायला हवी होती, कारण त्याला तसे करायला सांगणारी मीच होते. मृणालीबाईंना मी ज्या प्राण्याची उपमा दिली ती मागे घेते. त्या प्राण्याचीही यात काही चूक नाही. उमेरला त्या पत्राची कल्पना नव्हती. त्याने मला स्पष्ट शब्दांत काही करू नका असे लिहिले होते. तो कामाचा माणूस आहे. माझ्या जिभेची शिक्षा त्याच्या हातांना होऊ नये, एवढी विनंती. ज्यांना पहिल्या पत्राच्या प्रती पाठवल्या, त्या सर्वांना या पत्राच्याही पाठवत आहे. दुसऱ्या प्रतीवर पोच देऊन ती परत पाठवावी.'

पोच मागितली आहे, कारण माफी मागितली हे सिद्ध करता आलं पाहिजे. सहज मागत नाही मी.

आता तू करायचं ते. गौरवकडून त्या ईमेलचा पासवर्ड घे. दुकानाबाहेरचा नंबर पुसून टाक. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा मोबाइल नंबर नोंदव, नाहीतर रिटर्न भरायच्या दिवशी अलीभाई परत बंदरावर ओरडतील. आणि दोहाला उत्तर देण्याआधी मला कळव. फ्रीजचा आवाज वाढला आहे, म्हणून विचारते.

तुझी,
खुर्शीद खाला


हर्णे,
१० मार्च २०२५

खालाजान, सलाम.

गेल्या महिन्यात फ्रीज बघायला आलो तेव्हा काहीच सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. तुम्हीही विचारलं नाहीत. फक्त जेवायला तीन वेळा वाढलंत, त्यावरून मला कळलं.

पॅन चालू झालं. पावती सोबत जोडली आहे. उद्यमही मी स्वतःच केलं, फुकट. ओटीपी माझ्याच खिशात वाजला. मी इतका दचकलो की पहिला वाया गेला.

तुमचं पत्र साहेबांनी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. खरं सांगतो, त्या प्राण्याच्या वाक्याला सगळे खुर्च्यांवरून पडले. मृणालीबाईंनी ते लॅमिनेट करून आपल्या कपाटाच्या आतल्या बाजूला लावलंय. मला म्हणाल्या, "तुझ्या मावशीला सांग, अर्ध्या पानात बसवलं हे बरं केलं." पोच त्या स्वतः पाठवतायत. शिक्क्यासकट.

कंत्राट मिळालं. एक एप्रिलपासून वर्षभर. फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी (शुक्रवारी तिकडे सुट्टी) दोहाला येत नाही म्हणून कळवलं. लेखी. प्रत ठेवलीय. तुम्हाला आधी कळवायला सांगितलं होतंत, पण सही हातात पडली ती संध्याकाळी, आणि दोहात तेव्हा ऑफिस बंद होत होतं. अम्मीला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, मग आता तुझी खोली रंगवायची का?

अलीचाचांना तुम्ही सांगितलं तसं बिल दिलं, 'मासळी मिळाली' लिहून. ते हसले नाहीत. घडी करून आपल्या बोटीच्या कागदांत ठेवलं. परवा त्यांच्या मुलाने फ्रीझर बघायला बोलावलं, आणि काम झाल्यावर आपण होऊन म्हणाला, बिल दे.

तुमच्या फ्रीजचं बिलही सोबत आहे. अम्मी म्हणाली, "खालाला बिल? जीव प्यारा नाय काय?" पण तुम्हीच शिकवलंत, लाज आपल्या माणसाशीच वाटते, म्हणून सुरुवातही तिथूनच करायची.

तुमचा,
उमेर


रत्नागिरी,
१७ मार्च २०२५

प्रिय उमेर,

बिल मिळालं. उघडल्यावर पहिली पाच मिनिटं मी झरीनला फोन लावायच्या बेतात होते. मग चष्मा लावून नीट वाचलं.

तारीख उजवीकडे वर हवी, तू खाली टाकली आहेस. पंख्याच्या मोटरीची किंमत आणि मजुरी वेगळी दाखवायला हवी. 'खालाजान' हे ग्राहकाचं नाव होऊ शकत नाही. पूर्ण नाव आणि पत्ता लिही. आणि शेवटी 'नातेवाईक सवलत' म्हणून जे वजा केलं आहेस ते मी पेनाने खोडलं आहे. पूर्ण रक्कम आज बँकेत जाऊन तुझ्या धंद्याच्या खात्यावर भरली. कॅशियर विचारत होता, भाचा ना तुमचा? मी म्हटलं, मेकॅनिक. पावती पाठव.

मृणालीबाईंची पोच आली. शिक्का सरळ मारलेला आहे, जे हल्ली बघायला मिळत नाही. अलीभाईंनी यापुढे कधी सुरमई दिलीच, तर तिचे वीस टक्के मृणालीबाईंकडे पोचते कर. शेपटीकडचे.

जुलैत रिटर्न भरायला इकडे ये. आपण दोघं बसून भरू. ते सतरा हजार डोळ्यांनी परत आलेले बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

फ्रीज आता बिलकुल घोरत नाही. पहिल्या रात्री शांततेनेच जाग आली. उठून बघितलं, बंद तर पडला नाही ना. चालू होता.

तुझ्या बिलाच्या तळाशी एक ओळ आहे, 'पुढची सर्व्हिस : सप्टेंबर'. बाकी बिलावर माझ्या चार हरकती आहेत. त्या ओळीवर नाही.

तुझी,
खुर्शीद खाला